गावदेवी भजन मंडळाचं इंटरनॅशनल बिझनेस स्कूल

डोंबिवली (पूर्व),
धुळवडीनंतरचा गुरुवार

तीर्थरूप धोंडीबाराव यांना त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरतं. कंबरेमुळे डॉक्टरांनी वाकायला बंदी केली आहे, तेव्हा उभ्यानेच घातला असं समजा.)

पाकिटावरचं अक्षर पाहून तुम्ही ते आधी शालूताईच्या हातात दिलं असेल. द्या परत मागून. पत्र तुम्हालाच आहे. पंचेचाळीस वर्षं आपण मेहुणे-मेहुणे तिच्यामार्फत बोललो. तुमच्या संचिताच्या लग्नात शेजारी जेवायला बसलो तेव्हासुद्धा तुम्ही तिला म्हणालात, "ह्याला विचार, मठ्ठा हवा का," आणि मी तिला म्हणालो, "ह्यांना सांग, वाढलाय." मध्ये बसून ती बिचारी स्वतः जेवली की नाही, हे दोघांनीही पाहिलं नाही. आता मात्र काम थेट तुमच्याशी आहे, आणि आयुष्य पोस्टात काढलेल्या माणसाला फोनवर गाठणं बरं दिसत नाही. (तुम्ही फोन स्पीकरवर टाकून अंगणात उभे राहून ओरडता आणि वाडीला सगळं कळतं, असं ताई म्हणाली. ते जाऊ द्या.) गुडघा कसा आहे? निर्गुडीचं तेल लावता का? आंब्याला मोहोर धरला का? आमच्याकडे सगळे ठीक. माझं काम म्हणाल तर फार किरकोळ आहे. मंडळाची पहिली एकादशी आषाढी होती की कार्तिकी, एवढी एक तारीख हवी. पण कशाला हवी हे कळल्याशिवाय तुम्ही एक अक्षर कळवणार नाही. रजिस्टर पत्र घेऊन आलेल्या माणसाला तुम्ही पाकिटात काय आहे ते विचारायचात, ते मी विसरलेलो नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी कागद पाहा. इतका जाड कागद मी लग्नपत्रिकेलाही वापरला नव्हता. वर सोनेरी गरुड, त्याखाली 'क्राउनमाउंट इंटरनॅशनल बिझनेस स्कूल, मानपाडा', आणि त्याखाली 'स्थापना १९७६'. आता १९७६ साली मानपाड्याला काय होतं ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? भाताची खाचरं, कारखान्यांचा वास, तुमचं एका खिडकीचं पोस्ट आणि गावदेवीच्या देवळामागे भजन मंडळाची पत्र्याची खोली. तुम्ही म्हणाल, मग बिझनेस स्कूल कुठे होतं? धोंडीबाराव, ती खोली म्हणजेच बिझनेस स्कूल. यंदा त्याचा सुवर्णमहोत्सव आहे आणि त्याचा पन्नास वर्षांचा इतिहास लिहिण्याचं काम तुमच्या या मेहुण्याकडे आलं आहे. स्कूल प्रत्यक्षात अकरा वर्षांचं आहे. उरलेली एकोणचाळीस वर्षं मी कुठूनही आणायची आहेत.

ज्याने हे काम दिलं तो प्रीतम माझाच विद्यार्थी. आठवीत त्याला इतिहासात पस्तीस मार्क मी दिले होते, तेही त्याची आई शाळेच्या पायरीवर बसून राहिली म्हणून. आता तो डॉक्टर प्रीतम सर आहे. (डॉक्टरेट कुठली विचारलं तर एका बेटाचं नाव सांगतो. मी भूगोलाच्या शिक्षकाला विचारलं, त्यालाही सापडलं नाही.) स्टेशनजवळ मोबाईलच्या दुकानावर तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी शिकवायचा क्लास, हे त्याचं पहिलं विद्यापीठ. मग तिथेच फळा पुसून त्याने मॅनेजमेंट शिकवायला सुरुवात केली. मग मानपाड्याला एक गोडाऊन घेऊन त्याला बाहेरून निळी काच लावली. आत उन्हाळ्यात भाजून निघतं, पण बाहेरून अगदी परदेश. 'इंटरनॅशनल' कसं झालं तेही ऐका. त्याची बायको पायल, तिची मावशी मस्कतला असते. त्या मावशीच्या घरचा पत्ता माहितीपत्रकात 'आखाती केंद्र' म्हणून छापला. एका भाबड्या विद्यार्थ्याने तिथे खरंच फोन केला, तर मावशीने त्याला येताना कोकम आणशील का विचारलं. दिवा स्टेशनहून लोकलने येणारी पोरं वर्ग सुटला की कूलरवर पाण्याच्या बाटल्या भरतात, कारण घरी नळाला पाणी नाही. त्या रांगेचा फोटो काढून खाली 'विद्यार्थ्यांचा जलव्यवस्थापन प्रकल्प' असं लिहिलं आहे. तो फोटो माझ्या खुर्चीच्या मागेच लावलेला आहे, त्यामुळे मला निदान तो दिसत नाही.

खुर्चीचं सांगायचं राहिलं. मला केबिन दिली आहे. दारावर 'हेरिटेज कन्सल्टंट' अशी पाटी आहे आणि खिशात माझ्या नावाची कार्डं आहेत. (शंभर छापली. सत्याण्णव उरली. एक दूधवाल्याला दिलं, एक वाण्याला, आणि एक चुकून कपड्यांबरोबर धुतलं गेलं.) तुम्ही हसाल, पण चौतीस वर्षांच्या नोकरीत माझं नाव फक्त शाळेच्या भिंतीवर लिहिलं गेलं आणि ते लिहिणाऱ्या पोरांना मीच छड्या मारल्या. इथे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माझं नाव येणार होतं. मला त्याचं आकर्षण वाटलं, खोटं का बोलू? शिवाय कॉफीचं मशीन आहे.

आता हा माणूस भजन मंडळात घुसला कसा? परदेशातून मान्यता देणारी कुठलीशी समिती असते, तिला संस्था जुनी लागते. नवी संस्था जुनी करायचा एकच मार्ग, जुनी नोंदणी असलेला ट्रस्ट गाठायचा. आपल्या मंडळाकडे १९७६ची, तुमच्याच अक्षरातली नोंदणी होती, गळका पत्रा होता, आणि वर्षातून एकदा ठाण्याला धर्मादाय कचेरीत कागद नेऊन द्यायला कोणी तयार नव्हतं. प्रीतमने पत्रा बदलला, नवी इलेक्ट्रॉनिक पेटी दिली, आणि ठाण्याच्या खेपा आपल्या अंगावर घेऊन अध्यक्ष झाला. लागोपाठ तीन एकादशांना तो, पायल आणि मेहुणा सर्वेश टोप्या घालून भजनाला बसले आणि फोटोग्राफरने फोटो काढले. भिवा पखवाजवाला मला म्हणाला की तो अध्यक्ष झाला त्या दिवशी सगळ्यांना कागदांची ब्याद टळल्यासारखं वाटलं. भिवाला तुम्ही ओळखताच. ज्याच्या बापाच्या चाळीत तुम्ही आणि ताई राहत होतात आणि नवी नोकरी लागल्यावर मीही तुमच्या पडवीत पथारी टाकली होती, तोच. आता पंचाहत्तरीचा आहे. जमिनीचे पैसे येऊन दोन बिल्डिंगा झाल्या, पण पखवाज अजून स्वतःच्या मांडीवरच ठेवून आणतो, ड्रायव्हरच्या हातात देत नाही.

मंडळाची दुसरी वही, म्हणजे १९८४ नंतरची, स्कूलच्या दारात काचेच्या पेटीत ठेवली आहे. वर दिवा सोडला आहे. एखाद्या संताच्या पादुका असाव्यात तसा थाट. (पहिली वही बदलीच्या वेळी तुमच्याबरोबर गेली, असं विठ्ठल वीणेकरी सांगतो.) या वहीतून मी मराठीत मजकूर काढायचा आणि डीन प्रियांका मॅडमनी त्याचं मॅनेजमेंट करायचं, अशी वाटणी होती. बाई हुशार आहे, पण भाताला राइस म्हटल्याशिवाय तिच्या घशाखाली उतरत नाही. वहीत आहे की पखवाज पावसात भिजल्याने भजन तहकूब. तिने लिहिलं, आपत्तीकाळात संस्थेने घेतलेला धाडसी निर्णय. वहीत आहे की रखमाबाईंनी शिरा कच्चा राहिल्याची तक्रार केली आणि पुढच्या वेळेपासून शिरा रखमाबाईंनीच करायचं ठरलं. तिने लिहिलं, महिला नेतृत्वाची पायाभरणी. मी म्हटलं, अहो, ती शिक्षा होती. तर म्हणते, सर, तुम्ही निगेटिव्ह विचार करता. मी ते सगळं लिहून देत गेलो. रोज संध्याकाळी घरी येऊन हिच्यापाशी त्या लोकांना नावं ठेवायची आणि सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पुन्हा जायचं, असे सव्वादोन महिने गेले.

मग माघातली एकादशी आली. खोली आता स्कूलच्या कुंपणाच्या आत आली आहे, तेव्हा भिवा पखवाज घेऊन स्कूलच्या फाटकात आला. वॉचमनने ओळखपत्र मागितलं. भिवाने पखवाज दाखवला. वॉचमन म्हणाला, हे चालत नाही. शेवटी वहीत नाव लिहून घेतलं आणि भिवाच्या गळ्यात लाल पट्टीचं 'व्हिजिटर' अडकवलं. ज्या खोलीच्या विटा त्याने डोक्यावर वाहिल्या त्या खोलीत तो पाहुणा म्हणून गेला, आणि भजनभर ते कार्ड पखवाजावर आपटत होतं. मी केबिनच्या काचेतून हे सगळं पाहत होतो. माझ्या हातात कॉफी होती. मी खाली गेलो नाही. धोंडीबाराव, मला स्वतःची लाज वाटली, आणि कॉफी मी संपवली हेही सांगतो.

पुढच्याच आठवड्यात समिती आली. एक साहेब आणि एक बाई, दोघांनी मिळून सात बटाटेवडे खाल्ले. त्यांना परंपरा दाखवायची म्हणून त्याच भिवाला गाडी पाठवून आणलं. विठ्ठल, भिवा आणि रखमाबाई या तिघांना स्कूलचे निळे कोट चढवले. (विठ्ठलने कोटावरून वीणा गळ्यात घातली तेव्हा तो लग्नाच्या बँडमधला वाटत होता. भिवाने कोट धोतरावर घातला आणि वर स्वतःची टोपी ठेवली.) पेटीवर सर्वेश होता. त्याला तीनच भजनं येतात, पण कोट त्याला छान बसला होता. गायला माणूस कमी पडला म्हणून प्रीतम म्हणाला, सर, तुम्ही बसा. मी बसलो. पहिला अभंग उचलला आणि पेटी बिनसली. विजेवरची पेटी, दिवसभर उन्हात ठेवलेली, बिघडणारच. प्रियांका मॅडम म्हणाल्या की असली पेटी उतरूच शकत नाही. मी म्हटलं, तुम्हाला बिझनेस कळतो, सूर आम्हाला कळतात. १९८१ सालच्या आपल्या पेटीचंही हेच झालं होतं. तिचा पंचम उतरलेला होता आणि मी तो भर भजनात चारदा दाखवून दिला होता. पण तो विषय या पत्रात काढायचा नाही असं मी ठरवलं आहे.

भजन संपल्यावर प्रीतमने पडद्यावर एक चित्र दाखवलं. देवळामागे आपली खोली नव्हती. तिथे काचेचा उंच घुमट, आत झाडं, सोफे, आणि नाव 'लीडरशिप एट्रियम'. सुवर्णमहोत्सवाला खोली पाडायची आणि तिच्या जागी हे बांधायचं. मंडळाचा मोठा फोटो घुमटात लावणार, असं त्याने दोनदा सांगितलं. रखमाबाई कोटाची बटणं सोडत होत्या. त्यांनी तिथूनच मोठ्याने विचारलं, "मंग आमी कुठं बसाचा?" परदेशी साहेबाने प्रियांका मॅडमकडे पाहिलं, आणि मॅडमनी त्याला सांगितलं की आजी आनंद व्यक्त करताहेत. साहेबाने टाळ्या वाजवल्या. भिवाने कोटाची घडी केली, ती खुर्चीवर ठेवली आणि पखवाज उचलून चालत घरी गेला. गाडी उभी होती, त्याने घेतली नाही.

त्या दिवशी मी काचेची पेटी उघडवून वही घरी आणली. (संशोधनासाठी असं लिहून सही केली. कन्सल्टंट असण्याचा झालेला हा एकमेव उपयोग.) वहीच्या पुठ्ठ्याला आतून मंडळाची नियमावली चिकटवलेली सापडली. तुमचंच अक्षर, अकरा नियम. नियम सात असा की जो लागोपाठ तीन एकादशांना भजनाला बसला तो तहहयात सभासद, आणि त्याला एक मत. नियम नऊ असा की खोली पाडायची, बदलायची किंवा दुसऱ्या कामाला द्यायची तर सभासदांची सभा एकादशीला बोलवावी आणि बहुमताने ठरवावं. म्हणजे अध्यक्ष असला तरी प्रीतमला एकट्याला वीट हलवता येणार नाही. तुम्ही त्या वेळी पोस्टाचे नियम वाचून वाचून असले नियम लिहीत बसायचात आणि मी तुमची टिंगल करायचो. ती टिंगल मी मागे घेतो.

मी दुसऱ्या दिवशी प्रीतमच्या केबिनमध्ये जाऊन दोन्ही नियम खड्या आवाजात वाचून दाखवले. सभासद तीन, विठ्ठल, भिवा आणि रखमाबाई, आणि तिघेही विरोधात. माझा आवाज अगदी वर्गातला लागला होता. प्रीतमचं तोंड पडलं. मी खूश होऊन खाली बसलो, आणि माझी खुर्ची त्याच्यापेक्षा चार बोटं बुटकी आहे हेही मला त्या वेळी जाणवलं नाही. एवढ्यात प्रियांका मॅडम आल्बम घेऊन आल्या. तीन एकादशांचे फोटो. तिन्हींत प्रीतम, तिन्हींत पायल, तिन्हींत सर्वेश. आणि फोटो काढायला तिन्ही वेळा फोटोग्राफर हजर असणारच, तेव्हा तोही सभासद. चार झाले. मी नियम वाचून दाखवला नसता तर त्यांना मतं आहेत हे त्यांनाच कळलं नसतं. तिनाला चार अशी मंडळाची पंचाईत मी स्वतः, मोठ्याने आणि स्पष्ट उच्चारात करून ठेवली. सभा चैत्रातल्या शुद्ध एकादशीला, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, खोलीतच ठरली आहे. सोमवारी बुलडोझर सांगून ठेवला आहे, इतकी त्यांना खात्री.

असो. असला हा पन्नास वर्षांचा इतिहास. तुम्ही तेवढी पहिल्या एकादशीची तारीख कळवा म्हणजे माझं पहिलं प्रकरण पुरं होईल. ताईला नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा आणि मोहोरावर फवारणी करताना नाकाला फडकं बांधा.

आपला,
त्र्यंबक

ता. क. तारखेचं तेवढं महत्त्वाचं नाही. खरं म्हणजे ती भिवालाही पाठ आहे, कार्तिकीच. तुम्ही सभेला या. तुम्ही तहहयात सभासद आहात, गाव सोडलं म्हणून नाव जातं असं तुमच्या अकरा नियमांत कुठेही नाही, मी भिंग घेऊन पाहिलं. शनिवारीच निघा. कल्याणला भिवाची गाडी घ्यायला येईल. जिने चढायला लागू नयेत म्हणून तळमजल्याची खोली त्याने आजच झाडून घेतली आहे. आणि येताना ट्रंकेतली पहिली वही घेऊन या. टपालाने पाठवू नका. पोस्टाबद्दल तुम्हाला काही म्हणत नाही, पण तुम्ही निवृत्त झाल्यापासून माझा पोस्टावर विश्वास नाही.

आणखी ता. क. वही कशाला, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही आलात तरी मतं चार-चार होतात, आणि बरोबरी झाली तर नियम दहाप्रमाणे अध्यक्षाचं मत दोनदा मोजतात. (हा नियम तुम्ही कशाला लिहिलात? १९७६ साली अध्यक्ष तुमचेच पोस्टमन होते म्हणून ना?) पाचवं मत पाहिजे. मी विठ्ठलला म्हटलं, मी आहे की, मी तीन सोडून तीस एकादशा बसलो आहे. विठ्ठल वीणा पुसत होता. तो वर न बघताच म्हणाला, "मास्तर, तुमचा नाव त कवाच खोरलाय. पोस्टमास्तरनी खोरलाय, त्यांनीच परत लिवाचा." म्हणजे १९८१च्या कार्तिकीचा तो ठराव, 'त्र्यंबक यांस सततच्या बेसूरपणामुळे व पेटीवाल्याशी घातलेल्या हुज्जतीमुळे मंडळातून कमी करण्यात येत आहे.' पंचेचाळीस वर्षं झाली, मला तो स्वल्पविरामांसकट पाठ आहे. फसवून मत द्यायला विठ्ठल तयार नाही. त्याचं म्हणणं, समोरचे तसं करतात म्हणून आपण करायचं नाही. आणि तुमचाच नियम अकरा सांगतो की कमी केलेल्यास परत घेणे झाल्यास ज्याने कमी केले त्याने त्याच वहीत, त्याच पानावर, स्वहस्ते लिहावे. पेन मी आणीन. मत दिलं की पुस्तकावरून माझं नाव जाईल आणि केबिनही जाईल. कार्डं तेवढी राहतील. मागची बाजू कोरी आहे, ताईला वाणसामानाची यादी करायला देईन.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. ज्या भजनाला समिती आली होती त्याचं रेकॉर्डिंग सर्वेशने मला मोबाईलवर पाठवलं. मी दार लावून तीनदा ऐकलं. हिनेही बाहेरून ऐकलं असावं, कारण जेवताना तिने एकदाही विषय काढला नाही. पेटी सुरात आहे. पहिल्या अभंगापासून शेवटपर्यंत सुरात आहे. १९८१चीही असणार. हे ताईला वाचून दाखवू नका. वहीत मात्र तुम्हाला हवं ते लिहा, बेसूर लिहिलंत तरी माझी हरकत नाही. पण मला परत घ्या. मी मागे बसून नुसते टाळ वाजवीन.